पाण्याची जागा दाखवा

(विहाराच्या वर्धापन दिनी भरलेल्या पालक व युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून आम्ही आमचे चार शब्द सुरू करतो. आम्ही म्हणजे दोघं. एक स्काऊट मास्तर आणि एक गाईड कॅप्टन. भाषण दोघांनी बसून लिहिलं आहे, वाचायचं काम मात्र एकावर आलं आहे. समितीने सांगितलं, "तुम्ही दर रविवारी विहाराच्या पटांगणात पोरं गोळा करता, तर त्यावरच बोला." मोठ्या विषयांवर बोलणारे वक्ते आमच्या आधी बोलून गेले. आमचा विषय साधा आहे. नवीन मूल पथकात आलं, तर ते तिथं रमावं कसं आणि त्याच्या घरच्यांना ते आपलं वाटावं कसं, एवढाच.

हा विषय निवडायला कारण आहे. आमच्याकडे नाव घालणारी मुलं पुष्कळ, पण टिकणारी कमी, असं बरीच वर्षं चाललं होतं. आम्ही दोष मुलांना द्यायचो. पोरांना शिस्त नको, सकाळी उठायला नको, आता तर हातात मोबाईल आला, असं म्हणायचो. वही काढून पाहिली तेव्हा ध्यानात आलं की जाणारं मूल बहुतेक पहिल्या तीन-चार रविवारांतच जातं. जे मूल महिनाभर टिकलं ते पुढं वर्षानुवर्षं राहतं. म्हणजे दोष शिस्तीचा नव्हता. दारातून आत आल्यावर त्या मुलाला काय मिळालं, तिथं दोष होता.

आता ज्यांना स्काऊटची माहिती नाही अशा पालकांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्याकडे एक माउली आली होती. पोराच्या गळ्यातला स्कार्फ आणि छातीवरचा बिल्ला बघून ती घाबरली. म्हणाली, "सर, हे पोलिसात भरती करतेत का जी? मंग मी नाई देत पोरगं." आम्ही हसलो. हसायला नको होतं. ज्या घरानं गणवेशातला माणूस फक्त दारावर दटावणारा पाहिला, त्या घराला गणवेशाची धास्ती वाटणारच.

तर, हे पोलीस नव्हे, सैन्यही नव्हे. साधारण दहा ते सतरा वर्षांची मुलं स्काऊटमध्ये, त्याच वयाच्या मुली गाईडमध्ये. त्याहून लहान ते कब आणि बुलबुल, मोठे झाले की रोव्हर आणि रेंजर. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्याचा एक संघनायक, आणि असे काही संघ मिळून पथक. दोरीच्या गाठी, प्रथमोपचार, नकाशा बघणं, चूल मांडून स्वयंपाक, तंबू ठोकणं, गावात कुणाला अडचण आली तर धावून जाणं, हे तिथं शिकायचं. आधी प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, पुढे राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार, अशा पायऱ्या आहेत.

याची सुरुवात झाली १९०७ साली. इंग्लंडमध्ये बेडन पॉवेल नावाच्या सेनाधिकाऱ्यानं ब्राऊन्सी नावाच्या बेटावर ऑगस्ट महिन्यात सुमारे वीस मुलांचं शिबिर घेतलं. त्यात बड्या घरची, महागड्या शाळेत शिकणारी मुलं होती आणि कष्टकऱ्यांची मुलंही होती. त्यांचे वेगवेगळे गट न पाडता बेडन पॉवेलनं चार संघ केले आणि प्रत्येक संघात दोन्हीकडची मुलं मिसळून टाकली. साहेबाचं पोर आणि मजुराचं पोर एकाच तंबूत झोपलं. त्या काळच्या इंग्लंडात हे नवलच होतं.

पण हीच चळवळ १९०९ मध्ये हिंदुस्थानात आली, तेव्हा ती गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियनांच्या मुलांपुरती राहिली. इथल्या मुलांना प्रवेश नव्हता. तिकडे मजुराचं पोर चाललं, इकडे आपलं चाललं नाही! मग इथल्या लोकांनी आपली पथकं काढली. डॉ. अ‍ॅनी बेझंट, पंडित मालवीय, हृदयनाथ कुंझरू ही नावं त्यात येतात. आपल्या भागाशी जवळचं नाव म्हणजे व्हिव्हियन बोस. ते पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मध्य प्रांतात स्काऊटचं काम त्यांनी वाढवलं, आणि आपला वऱ्हाड १९०३ पासून त्याच प्रांताला जोडलेला होता. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी निरनिराळ्या संस्था एक होऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संघटना उभी राहिली, आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईडही तिच्यात आल्या. तेव्हा कुठं दार सगळ्यांना सारखं उघडलं.

दार उघडलं म्हणजे आत आलेला माणूस आतला झाला, असं मात्र होत नाही. हे आम्हाला आमच्याच पथकात कळलं. ती हकीकत सांगतो. सांगताना बरं वाटत नाही, पण विहारात खरं बोलायचं नाही तर कुठं बोलायचं?

काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर गावाबाहेरच्या वीटभट्टीवर कामाला कुटुंबं आली. त्यातलं एक भटक्या समाजाचं. त्यांचा मुलगा असेल अकरा-बारा वर्षांचा. रविवारी सकाळी आमची पोरं पटांगणात कवायत करायची, तो कंपाउंडच्या भिंतीवरून बघायचा. एक दिवस आम्हीच हाक मारली, "ये रे." तो आला. आम्ही वहीत नाव घातलं आणि एका संघात उभं केलं. झालं! आम्हाला वाटलं, आपलं काम संपलं.

पहिल्या दिवशी संघनायकानं हस्तांदोलनासाठी डावा हात पुढं केला. स्काऊटमध्ये डाव्या हातानं हात मिळवतात. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, त्यानं उजवा पुढं केला आणि पोरं खिदळली. नाव विचारलं तर त्यानं नुसतं नाव सांगितलं. आडनाव तोंडातल्या तोंडात गिळलं. इथं बसलेल्या पुष्कळ जणांना ते आडनाव गिळणं माहीत आहे. शाळेत, कचेरीत, भाड्याची खोली बघायला गेल्यावर आपणही ते केलेलं आहे.

तिसऱ्या रविवारी ऊन चढलं होतं. खेळ संपल्यावर सगळी पोरं विहारातल्या माठाकडे धावली. माठाजवळ दोन पेले असतात, ज्याला तहान लागेल तो घेतो आणि पितो. हा मुलगा मागं राहिला. सगळ्यांचं झाल्यावर माठापासून दोन हात लांब उकिडवा बसला आणि त्यानं दोन्ही हातांची ओंजळ पुढं धरली. कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून वाट बघत बसला.

बंधूंनो, भगिनींनो, आपल्या विहारात! बाबासाहेबांच्या तसबिरीखाली! आमच्यापैकी कुणी त्याला माठाला हात लावू नको म्हटलं नव्हतं. तसा विचारही कुणाच्या मनाला शिवला नव्हता. पण पेला उचल आणि पी, हेही कुणी म्हटलं नव्हतं. जिथं कुणी काही सांगत नाही, तिथं माणूस आपल्या जुन्या अनुभवाप्रमाणं वागतो. त्याच्या अनुभवात पाणी वरूनच ओतलं जात होतं. आमच्यातल्या एका मुलीनं पेला भरून त्याच्या हातात दिला. तो प्याला, पेला विसळून पालथा ठेवला आणि गेला. चौथ्या रविवारी तो आला नाही.

त्या रात्री आम्हा दोघांना झोप लागली नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्या ओंजळीची नातवंडं आपण. आणि आपल्याच माठापुढं एक पोर ओंजळ धरून बसलं, ते आपल्याला कळायला तीन रविवार लागले.

मग आम्ही भन्तेजींना विचारलं. त्यांनी विनयपिटकातली एक गोष्ट दाखवली. चुल्लवग्गात वत्तक्खन्धक नावाचं प्रकरण आहे. वत्त म्हणजे वागण्याची रीत. त्यात सुरुवातीलाच दोन प्रकारचे भिक्षू येतात. बाहेरून विहारात येणारा तो आगंतुक आणि विहारात आधीपासून राहणारा तो आवासिक. दोघांनी कसं वागायचं ते तिथं बारीकसारीक सांगितलं आहे.

आगंतुकानं वहाणा काढाव्यात, झटकाव्यात, सावकाश आत यावं. प्यायचं पाणी कोणतं, वापरायचं कोणतं, हे विचारून घ्यावं. राहायची जागा, भिक्षेला जायची गावं, शौचाची जागा, संघानं ठरवलेल्या वेळा, सगळं विचारावं. आणि आवासिकानं काय करावं? येणारा वयानं, दीक्षेनं मोठा असेल तर आसन मांडावं, पाय धुवायला पाणी ठेवावं, पुढं होऊन पात्र-चीवर हातात घ्यावं, पाणी हवं का विचारावं. येणारा लहान असेल तर उठायची गरज नाही, पण बसल्या जागेवरून तरी सांगावं: पात्र इथं ठेव, चीवर तिथं ठेव, या आसनावर बस, प्यायचं पाणी हे, वापरायचं ते.

बघा, यात कुठं स्वागताचं भाषण नाही, हारतुरे नाहीत. बसायची जागा कुठं, पाणी कुठं, शौचाला कुठं जायचं, एवढंच. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेला ठाऊक होतं की नवा माणूस परका वाटून घेतो तो मोठ्या गोष्टींमुळं नव्हे, याच गोष्टी विचारायची लाज वाटते म्हणून. विचारायची लाज त्याला वाटू नये म्हणून सांगायची जबाबदारी आधीपासून असणाऱ्यावर टाकली.

भन्तेजींनी आणखी दोन गोष्टींची आठवण दिली. एक उपालीची. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात ती घेतली आहे. शाक्य राजकुमार दीक्षा घ्यायला निघाले, त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपाली होता. राजकुमारांनीच विनंती केली की उपालीला आधी दीक्षा द्या, म्हणजे तो आम्हाला ज्येष्ठ होईल, आम्हाला त्याला वंदन करावं लागेल आणि आमचा शाक्यपणाचा ताठा जिरेल. संघात मोठेपणा जन्मावर नव्हता, कोण आधी आलं यावर होता. दुसरी राहुलाची. राहुलाला घरच्यांना न विचारता प्रव्रज्या दिली, तेव्हा शुद्धोदनाला फार दुःख झालं. त्यानं बुद्धांना सांगितलं की यापुढं आईबापाच्या संमतीवाचून कुणा मुलाला घेऊ नका. आणि बुद्धांनी ते मान्य करून तसा नियम केला. म्हणजे मूल आलं की घरही विचारात घ्यायचं, हे तेव्हापासून आहे.

या गोष्टी ऐकल्यावर आम्ही पथकाची रीत बदलली. काय बदललं ते क्रमानं सांगतो, म्हणजे दुसऱ्या वस्तीत कुणाला पथक काढायचं असेल तर उपयोग होईल.

पहिलं, नाव घालायच्या आधी आम्ही घरी जातो. एकटं नाही, बरोबर संघातलं एक पोर घेऊन. आईवडील सोयाबीन काढणीवर असतील तर संध्याकाळी जातो. फॉर्म पुढं करत नाही. तुमच्या मनात काय काय शंका आहे, एवढंच विचारतो आणि ऐकतो. बहुतेक शंका तीनच असतात. खर्च किती, अभ्यास बुडेल का, आणि मुलीची आई असेल तर, मुक्कामी शिबिराला सोबत बाई कोण. तिन्हींची उत्तरं सरळ द्यायची. मुक्कामी शिबिराला मुलींबरोबर गाईड कॅप्टन असल्याशिवाय आमच्याकडून मुली जात नाहीत आणि परीक्षेच्या महिन्यात रविवार अर्ध्या तासाचा असतो.

दुसरं, पहिल्या दिवशी कवायत नाही, सॅल्यूट नाही. नव्याला पटांगण दाखवायचं. माठ कुठं, पेला कुठं, संडास कुठं, चप्पल कुठं काढायची, दोऱ्यांची पेटी कुठं. आणि हे दाखवायचं काम मास्तरचं नाही, संघनायकाचंही नाही. त्याच्या आधी जो सर्वात शेवटी आला, त्याचं. कारण कालच नवा असलेल्याला आपण काय काय विचारायला लाजलो ते चांगलं आठवतं. मोठ्यांना ते आठवत नाही. शिवाय काल आलेल्या पोराला आज कुणाला तरी काही सांगायचा मान मिळतो. दाखवून झालं की दोघांनी एकाच माठातलं पाणी प्यायचं. याला आम्ही काही नाव दिलेलं नाही. पोरं म्हणतात, "याला पाणी दाखवलं का?"

तिसरं, गणवेश. पूर्वी आम्ही महिन्याभरात गणवेश आणायला सांगायचो. त्या महिन्यातच पोरं गळायची, कारण बापाजवळ पैसे नसले की पोरगं स्वतःहून यायचं बंद होतं. तो 'पैसे नाहीत' असं कधी सांगत नाही, 'पोट दुखतं' म्हणतो. आता मोठ्या मुलांचे आखूड झालेले शर्ट धुऊन, इस्त्री करून पेटीत ठेवतो. दीक्षाविधीच्या आधी पेटी उघडायची आणि ती सगळ्यांसाठी उघडायची. ज्याच्या बापाचं दुकान आहे त्यानंही पेटीतलाच घ्यायचा. म्हणजे कुणाचा शर्ट दानाचा आणि कुणाचा विकतचा हा भेद राहत नाही.

चौथं, खरी कमाई. स्काऊटमध्ये मुलांनी स्वतः कष्ट करून चार पैसे मिळवायचे आणि ते पथकाला द्यायचे, अशी चांगली प्रथा आहे. एका वर्षी आम्ही बसस्टँडवर बूट पॉलिश करायचं ठरवलं. पुष्कळ ठिकाणी करतात. दुसऱ्या दिवशी एक पालक घरी आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "सर, माझ्या आजानं तेच केलं, बापानं तेच केलं. मी शिकलो ते पोरानं तिथं बसू नये म्हणून. दुसऱ्याच्या पोराले तो खेळ हाय, आमच्या घरात ते रडगाणं हाय." आम्ही निरुत्तर झालो. श्रमाला लाज नाही, हे खरं. पण कुणाच्या पिढ्यांवर लादलेलं काम आणि कुणी हौसेनं एक दिवस केलेलं काम, ही एकच गोष्ट नव्हे. त्या वर्षी मुलांनी रोपं तयार करून विकली आणि कागदी पिशव्या केल्या. कमाई तेवढीच झाली.

याच कारणानं शिबिरातली सफाईची पाळी आम्ही तोंडी ठरवत नाही. कागदावर लिहून झाडाला टांगतो आणि सुरुवात संघनायकापासून करतो. तोंडी ठरवलं की खड्डा खणायचं, संडास धुवायचं काम घरंगळत जाऊन त्याच त्या मुलांकडे पोचतं. कुणी मुद्दाम करत नाही, पण पोचतं. एकबुर्जी धरणावरच्या एका सहलीत आम्ही हे डोळ्यांनी पाहिलं आणि तेव्हापासून कागद टांगायला लागलो.

आता एक नाजूक गोष्ट. बौद्ध पालक आम्हाला हमखास विचारतात: "स्काऊटच्या वचनात ईश्वर येतो. आम्ही बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. आमच्या पोरानं ते कसं म्हणायचं?" प्रश्न रास्त आहे. दीक्षाविधीत प्रत्येक मूल तीन बोटं वर करून वचन देतं. त्यात तीन गोष्टी आहेत: ईश्वर आणि देश यांच्याबद्दलचं कर्तव्य, इतरांना मदत आणि स्काऊटचे नियम पाळणं. पण संघटनेच्या नियमातच लिहिलेलं आहे की ज्याची इच्छा असेल त्यानं 'ईश्वर' या शब्दाच्या जागी 'धर्म' म्हणावं. ही कुणाची मेहेरबानी नाही, नियमच आहे. पुष्कळ शिक्षकांना तो माहीत नसतो, म्हणून पोरांना सांगितला जात नाही. आपण सांगायचा. आमच्या पथकात दीक्षाविधीच्या आठवडाभर आधी मुलाला आणि घरच्यांना दोन्ही पर्याय समजावून देतो. कुणी ईश्वर म्हणतो, कुणी धर्म म्हणतो. बौद्ध मूल 'धर्म' म्हणताना मनात धम्म ठेवतं. बाकी स्काऊटचे नियम पाहिले तर विश्वासू असणं, सर्वांशी मैत्री, प्राणिमात्रांवर दया, काटकसर, आणि विचार, उच्चार, आचार यांत शुद्ध असणं, यातलं आपल्याला परकं काय आहे? पंचशील रोज म्हणणाऱ्या घरातल्या मुलाला हे नव्यानं शिकवावं लागत नाही.

शाळेतल्या पथकात प्रार्थना असते, तिथंही अडचण येते. राज्यघटनेच्या २८ व्या कलमात स्पष्ट आहे की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही, आणि मूल अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक उपासनेला हजर राहायची सक्ती करता येत नाही. पण आमचा अनुभव असा की पालकानं आधी जाऊन शांतपणे चार शब्द बोलले तर कलमापर्यंत जायची पाळी येत नाही. प्रार्थनेच्या वेळी मूल मान खाली घालून शांत उभं राहतं, एवढंच. पण हे बोलायला पालकानं जावं. पोराला एकट्याला वर्गासमोर भांडायला पाठवू नये.

आणि शिबिरात सर्वधर्म प्रार्थना असते, तिथं उलट आपल्या मुलांनी मागं राहू नये. "बौद्धांपैकी कोण म्हणणार?" असं विचारल्यावर आपली पोरं खाली बघतात, असं आम्ही पाहिलं आहे. त्रिशरण पाठ असतं, पण उभं राहिलं की सगळ्या शिबिराला आपण कोण ते कळणार, ही भीती असते. ती भीती घरातून काढावी लागते. जे मूल रविवारी विहारात चारचौघांत मोठ्यानं वंदना म्हणतं, ते शिबिरातही म्हणतं. म्हणून आम्ही शिबिराला जाण्याआधी दोन रविवार मुलांकडून ती पटांगणात म्हणवून घेतो, आणि आमच्याकडे येणाऱ्या इतर समाजाच्या मुलांना त्यांची त्यांची प्रार्थनाही म्हणायला लावतो. आपलं म्हणताना मान ताठ आणि दुसऱ्याचं ऐकताना शांत, दोन्ही शिकायचं.

काही वडीलधारी मंडळी म्हणतात, "आपलं समता सैनिक दल असताना हे स्काऊट कशाला?" त्यांना आमचं नम्र सांगणं आहे. समता सैनिक दल हा आपला वारसा आहे. १९२७ पासूनचा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंचा समुदाय शिस्तीत राहिला, त्यात दलाच्या सैनिकांचे कष्ट होते. त्या दलात आमची मोठी मुलं आहेत आणि राहतील. पण स्काऊटच्या तंबूत आपलं मूल मराठ्याच्या, मुसलमानाच्या, बंजाऱ्याच्या मुलाबरोबर एका चुलीवर भाकरी भाजतं. तेही शिकायला हवं. आपण फक्त आपल्यातच शूर असलो तर पुरणार नाही.

वाशिम १ जुलै १९९८ ला जिल्हा झाला. त्याआधी शिबिराच्या एका सहीसाठी अकोल्याची एस.टी. धरावी लागायची. आता कचेरी जवळ आली, रस्ते झाले, शाळाशाळांत पथकं झाली. सोयी वाढल्या. पण नव्या मुलाच्या पहिल्या रविवारची सोय कुठलीही कचेरी करून देत नाही. ती आपणच करायची.

त्या वीटभट्टीवरच्या मुलाचं पुढं काय झालं, हे तुम्ही विचाराल. आम्ही गेलो भट्टीवर. माठाजवळ ज्या मुलीनं पेला दिला होता, तिलाही नेलं. त्याची आई विटा थापत होती, हात चिखलानं भरलेले. बाप बोलला नाही. आम्ही म्हटलं, "चूक आमची झाली. तुमच्या पोराला आम्ही पाणी दाखवलं नाही." आई म्हणाली, "तो म्हने, तिथं हाकलत नाईत. पन काय करा लागते तेबी सांगत नाईत." आम्ही आजवर ऐकलेल्या भाषणांपेक्षा ते एक वाक्य आमच्या जास्त कामी आलं.

पुढच्या रविवारी तो आला. पावसाळ्याच्या तोंडाला भट्टी बंद होईपर्यंत येत राहिला. रीफ गाठ त्याला सगळ्यांत आधी जमली, विटांचे भारे बांधायचा हात होता ना. प्रवेशाची तयारी पूर्ण झाली, पण दीक्षाविधीच्या आधीच कुटुंब निघून गेलं. ट्रॅक्टरवर सामान चढत होतं तेव्हा पोरांनी पेटीतला एक स्कार्फ नेऊन दिला. विधी व्हायच्या आधी स्कार्फ द्यायचा नसतो, हे आम्हाला माहीत आहे. आम्ही काही बोललो नाही. जायच्या आधीच्या रविवारी एक नवा मुलगा आला होता. त्याला माठ यानंच दाखवला होता.

शेवटी एवढंच मागणं आहे. आपण एकेकाळी सगळीकडेच आगंतुक होतो. आज बाबासाहेबांच्या पुण्याईनं आपल्याला विहार आहे, पटांगण आहे, माठ आहे. आपण आवासिक झालो. तेव्हा या वस्तीत भाड्यानं आलेलं कुटुंब असो, शाळेत बदलून आलेलं मूल असो, विहारात पहिल्यांदा आलेली सून असो, तिला कुणी विचारायची वाट बघू नका. उठा, पुढं व्हा आणि पाण्याची जागा दाखवा. ज्या पालकांना मुलं पाठवायची आहेत त्यांनी रविवारी सकाळी सात वाजता यावं. मुलाला एकट्याला पाठवू नका, पहिल्या दिवशी स्वतःही या. पाणी तुम्हालाही दाखवू.



नमो बुद्धाय! जयभीम!